अपग्रेडनंतर कीबोर्ड आणि टचपॅड एकदम बंद पडले, तर आधी काय तपासावे

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आपण चार दिवसांपूर्वी विंडोज १० वरून विंडोज ११ वर नेला. रात्री अपग्रेड पूर्ण झाले आणि सकाळी लॉगिनच्या पडद्यावर लॅपटॉपचा कीबोर्डही चालेना आणि टचपॅडही हलेना. यूएसबीचा माउस मात्र व्यवस्थित चालतो. जवळच्या दुकानदाराने कीबोर्ड बदलायला सांगितले, मित्राने फॉरमॅट मारायला सांगितले, आणि या दोहोंपैकी काय करावे असे आपण विचारता.

माझ्या मते सध्या दोन्ही करू नये. कीबोर्ड खरोखर निकामी झाला आहे, की तो धडधाकट असूनही विंडोजला दिसत नाही, हे आधी ठरवायला हवे. तो निकामी झाला असेल तर फॉरमॅटचा काही उपयोग नाही आणि विंडोजला दिसत नसेल तर नव्या कीबोर्डचा काही उपयोग नाही. हा निवाडा करायला अर्धा तास आणि शेजाऱ्याकडून तात्पुरता मागून आणलेला एक वायरचा यूएसबी कीबोर्ड एवढेच लागते.

दुकानदाराला मी फार दोष देणार नाही, कारण काही वर्षांपूर्वी हीच चूक मी स्वतः केली आहे. अनेक लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या पॅनेलला प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्या वितळवून बसवलेला असतो, त्यामुळे तो बदलणे म्हणजे सगळे मशीन उकलणे. मी ते केले, नवा कीबोर्ड बसवला, मशीन चालू केले, आणि नवा कीबोर्डही जुन्यासारखाच मुका निघाला. तेव्हापासून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये, कीबोर्ड तपासल्याशिवाय मी एकही स्क्रू काढत नाही.

चाचण्या सांगण्याआधी आतली रचना थोडी समजून घ्यावी, म्हणजे कोणती चाचणी कशासाठी हे लक्षात येईल. कीबोर्ड आणि टचपॅड शेजारी शेजारी दिसत असले तरी अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांत ते वेगवेगळ्या वाटांनी प्रोसेसरपर्यंत पोहोचतात. कीबोर्ड एका रिबन केबलने एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या छोट्या चिपला जोडलेला असतो, आणि ही चिप विंडोजपुढे स्वतःला जुन्या पद्धतीचा पीएस/२ कीबोर्ड म्हणून सादर करते. म्हणूनच नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्येही डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली उपकरणांची यादी) उघडला की ‘स्टँडर्ड पीएस/२ कीबोर्ड’ असे नाव दिसते. टचपॅड मात्र आय-टू-सी नावाच्या दुसऱ्या वाटेवर असतो, आणि ही वाट उघडण्यासाठी आधी चिपसेटचे (मुख्य बोर्डावरच्या चिपांचे) ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला उपकरण चालवायला शिकवणारे छोटे प्रोग्राम, जागेवर असावे लागतात. इंटेलच्या मशीनमध्ये त्यांतील महत्त्वाच्या ड्रायव्हरचे नाव ‘सीरियल आयओ’ असे आहे. काही मशीन याला अपवाद आहेत: जुन्या लॅपटॉपांत टचपॅडही पीएस/२ वरच असतो, आणि काही गेमिंग लॅपटॉपांत आतला कीबोर्ड यूएसबीवर असतो. आपण मॉडेल लिहिलेले नाही, त्यामुळे पुढचे काही विधान आपल्या मशीनला तंतोतंत लागू पडणार नाही, हे गृहीत धरून वाचावे.

या रचनेवरून एक गोष्ट लगेच निघते. फक्त टचपॅड बंद पडला असता तर मी सरळ सीरियल आयओच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवले असते. परंतु दोन वेगळ्या वाटांवरची दोन उपकरणे एकाच रात्रीत बंद पडली आहेत, म्हणजे दोन्हींना समान असलेल्या एखाद्या गोष्टीचा संशय आधी घ्यायला हवा. अशी एक गोष्ट म्हणजे मशीनचे फर्मवेअर, म्हणजे बायोससारखे चिपमध्येच बसवलेले प्रोग्राम; अपग्रेडच्या गडबडीत विंडोज अपडेटमधून नवे बायोसही येऊन बसलेले मी अनेकदा पाहिले आहे. दुसरी म्हणजे अर्धवट स्थितीत अडकून पडलेला एम्बेडेड कंट्रोलर. तिसरी अगदी साधी आणि अपग्रेडशी संबंध नसलेली आहे: फुगलेली बॅटरी. तिच्याकडे पुढे येतो.

पहिली पायरी म्हणून माउसने स्टार्ट मेनूतून ‘रिस्टार्ट’ करावे. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणे म्हणजे रिस्टार्ट नव्हे, आणि या एका गैरसमजापायी लोकांचे दिवस वाया जातात. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, आणि ते बहुधा असतेच, तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा जतन केला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. त्यामुळे चुकीच्या स्थितीत अडकलेला ड्रायव्हर दहा वेळा शट डाउन केले तरी त्याच स्थितीत परत येतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. लॉगिनच्या पडद्यावरही खाली उजवीकडे पॉवरचे चिन्ह असते, तेथून माउसने हे करता येईल.

तेवढ्याने भागले नाही तर एम्बेडेड कंट्रोलरला पूर्ण वीजमुक्त करावे. या वेळी मात्र मशीन बंद करून चार्जर काढावा, यूएसबीला लावलेले सगळे काढावे, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे. बॅटरी आत असलेल्या काही मॉडेलांत यासाठी तळाशी टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिलेले असते. नंतर चार्जर लावून मशीन चालू करावे. हा उपाय जादूटोण्यासारखा वाटतो, पण त्यामागचे कारण साधे आहे: ही चिप मशीन बंद असतानाही जागी असते, कारण पॉवरच्या बटणावर लक्ष ठेवणे हेच तिचे काम आहे, आणि त्यामुळे विंडोज कितीही वेळा बंद-चालू केले तरी ती स्वतः नव्याने सुरू होत नाही.

आता मुख्य चाचणी. मशीन चालू करताच लॅपटॉपच्याच कीबोर्डवरून बायोसमध्ये जाण्याची की वारंवार दाबावी. कंपनीप्रमाणे ती एफ२, एफ१०, डिलीट किंवा एस्केप असते. बायोसचा पडदा उघडला आणि बाणांच्या कीने वर-खाली जाता आले, तर निकाल लागला: कीबोर्ड, त्याची रिबन केबल आणि एम्बेडेड कंट्रोलर तिन्ही ठीक आहेत, कारण या क्षणी विंडोजचा एकही ड्रायव्हर सुरू झालेला नाही. उघडला नाही तर लगेच निराश होऊ नये. मागून आणलेल्या यूएसबी कीबोर्डने तीच की दाबून बायोस उघडावे आणि आत गेल्यावर लॅपटॉपच्या कीबोर्डचे बाण चालतात का ते पाहावे. टचपॅडची परीक्षा मात्र येथे घेऊ नये. काही बायोसांत टचपॅड चालतो, काहींत धडधाकट असूनही चालत नाही, त्यामुळे येथे तो हलला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

बायोसमध्ये फक्त पाहावे आणि काही न बदलता बाहेर पडावे. सिक्युअर बूटसारखी सेटिंग बदलली आणि डिस्क बिटलॉकरने बंदिस्त असली, तर पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करणाऱ्या कित्येकांच्या मशीनमध्ये हे कुलूप त्यांच्या नकळत लागलेले असते. ती की बहुधा त्याच खात्यात जतन झालेली असते. फोनवरून खाते उघडून ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. कीबोर्ड बंद असताना ४८ अंक भरण्याची वेळ आलेले ग्राहक मी पाहिले आहेत आणि तो प्रसंग कोणावर येऊ नये.

बायोसमध्येही कीबोर्ड मुकाच राहिला, तर अपग्रेडचा दोष बराच कमी होतो. तेव्हा लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बाजूने पाहावे. तळ किंचित डुगडुगतो का, झाकण पूर्ण मिटते का, टचपॅड एका बाजूने वर उचलल्यासारखा किंवा दाबायला कडक झालेला आहे का? यातले काही आढळले तर बॅटरी फुगली आहे असे समजून चार्जर काढावा आणि मशीन वापरणे थांबवावे. एका शिक्षिकेचा लॅपटॉप असाच ‘अपग्रेडने बिघडला’ म्हणून माझ्याकडे आला होता. आत बॅटरी उशीसारखी फुगून टचपॅडला खालून रेटत होती आणि कीबोर्डची रिबन केबल तिच्या जागेवरून सरकली होती. अपग्रेडला काही तास लागले, तेवढा वेळ मशीन तापले, आणि आधीपासून चाललेला बिघाड नेमका त्या रात्री उघड झाला. सहा वर्षांच्या मशीनमध्ये ही शक्यता धरूनच चालावे. बॅटरी ठीक दिसली, तर मग केबल पुन्हा बसवून पाहणे आणि शेवटी कीबोर्ड बदलणे, हा दुकानदाराचा सल्ला योग्य ठरतो. तळ उकलण्याची सवय नसेल तर हे काम त्याच्याकडेच द्यावे.

बायोसमध्ये कीबोर्ड चालला, आणि तेच मला जास्त शक्य वाटते, तर पुढचे सगळे काम विंडोजमध्ये आहे. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे माणसाच्या आकृतीचे चिन्ह असते. त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माउसने पिन किंवा पासवर्ड भरता येतो. येथे आपल्याकडे हमखास होणारी एक गफलत सांगतो. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट किंवा दुसरा देवनागरी आराखडा बसवलेला असेल, तर अपग्रेडनंतर आराखड्यांचा क्रम कधीकधी बदलतो आणि लॉगिनच्या वेळी मराठी पुढे येते. पासवर्डच्या जागी ठिपके दिसत असल्यामुळे आपण देवनागरी अक्षरे टाइप करत आहोत हे कळत नाही, आणि ‘कीबोर्ड चुकीची अक्षरे घेतो’ अशी तक्रार येते. कोपऱ्यातील भाषेच्या चिन्हावरून इंग्रजी निवडली की हा बिघाड संपतो. आपली तक्रार अशी नाही, परंतु यूएसबी कीबोर्ड लावल्यावर पासवर्ड चुकू लागला तर हे आठवावे.

आत गेल्यावर यूएसबी कीबोर्ड विंडोजमध्ये चालतो का ते पाहावे. मी या निरीक्षणाला सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण येथे दोन अगदी वेगळे रस्ते फुटतात.

यूएसबी कीबोर्ड चालला आणि आतला चालला नाही, तर स्टार्टच्या चिन्हावर माउसने उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि ‘कीबोर्ड्स’ या गटात पाहावे. तेथे ‘स्टँडर्ड पीएस/२ कीबोर्ड’ऐवजी दुसऱ्याच कोणत्या कंपनीचे नाव असेल किंवा नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर त्या नोंदीवर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे आणि रिस्टार्ट करावे. विंडोज सुरू होताना आपला मूळचा ड्रायव्हर पुन्हा बसवते. हे करताना यूएसबीच्या गटातील काहीही काढू नये. घाईत ‘यूएसबी रूट हब’ काढून टाकणारे लोक असतात, आणि मग चालणारा एकमेव माउसही हातचा जातो.

यूएसबी कीबोर्डही चालला नाही आणि माउस मात्र चालत राहिला, तर ही खूण फार बोलकी आहे. दोन वेगळ्या वाटांवरचे दोन कीबोर्ड एकाच वेळी बंद असतील, तर दोष कोणत्याही कीबोर्डात नसून विंडोजमध्ये ‘कीबोर्ड’ या संपूर्ण वर्गावर बसलेल्या एखाद्या फिल्टर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कीबोर्ड आणि विंडोज यांच्या मध्ये बसणाऱ्या जादा ड्रायव्हरमध्ये, असतो. एका डीटीपी कार्यालयात एकाच आठवड्यात तीन मशीन अशी बंद पडली होती. तिन्हींमध्ये कीजची अदलाबदल करणारा एक जुना प्रोग्राम होता. अपग्रेडमध्ये त्याची फाइल गेली, पण रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतील) त्याची नोंद तशीच राहिली. विंडोज प्रत्येक कीबोर्ड सुरू करताना आधी त्या फिल्टरला हाक मारी, तो सापडत नसे, आणि मग कीबोर्डच सुरू होत नसे. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्या कीबोर्डांवर पिवळा त्रिकोण आणि बहुधा कोड ३९ किंवा कोड १९ दिसतो.

याचा उपाय रजिस्ट्री एडिटरमध्ये आहे, आणि तो पडद्यावरच्या कीबोर्डने करता येतो. उपकरणांच्या वर्गांच्या यादीत ४डी३६ई९६बी या अक्षरांनी सुरू होणारा वर्ग कीबोर्डचा असतो. त्यात ‘अपर फिल्टर्स’ नावाची नोंद असते आणि तिच्यात ‘केबीडीक्लास’ हा शब्द असतो. त्याच्या सोबत जुन्या प्रोग्रामचे नाव असेल, तर तेवढेच काढावे. ‘केबीडीक्लास’ काढल्यास कोणताच कीबोर्ड चालणार नाही, म्हणून आधी त्या वर्गाची नोंद ‘एक्सपोर्ट’ करून ठेवावी. शेजारीच ४डी३६ई९६एफ या अक्षरांनी सुरू होणारा माउसचा वर्ग असतो आणि फक्त शेवटच्या अक्षराच्या फरकामुळे लोक तेथे चुकून हात घालतात. माउसच्या वर्गात टचपॅडच्या कंपनीचा फिल्टर रास्तपणे असू शकतो, त्याला धक्का लावू नये. हे वाचूनच हात थरथरत असतील तर ही एक पायरी जाणकाराकडून करून घेतलेली बरी.

टचपॅडकडे वळतो. सगळ्यात आधी तो चुकून बंद तर झालेला नाही ना, हे पाहावे. सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ खाली ‘टचपॅड’ असते. तेथे तो चालू असावा आणि ‘माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा’ अशा अर्थाची खूणही लावलेली असावी. आपण सतत यूएसबी माउस लावून बसला आहात, त्यामुळे ही खूण नसेल तर टचपॅड बंदच राहणार. ‘टचपॅड’ हे पानच सेटिंग्जमध्ये दिसत नसेल, तर विंडोजला टचपॅड सापडलेलाच नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’ या नावावर कोड १० आहे का, किंवा ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी नोंदी कोड २८ घेऊन पडल्या आहेत का, ते पाहावे. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही आणि कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही.

यावर टचपॅडचाच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवत राहणे ही सर्वसाधारण चूक आहे. वाट उघडलेली नसताना त्या वाटेवरच्या घराचा दरवाजा दुरुस्त करून काय होणार? लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपला मॉडेल किंवा सीरियल क्रमांक टाकून आधी चिपसेटचा, मग सीरियल आयओचा आणि शेवटी टचपॅडचा ड्रायव्हर, याच क्रमाने बसवावेत आणि प्रत्येकानंतर रिस्टार्ट करावे. तेथे विंडोज ११ साठी काही दिलेले नसेल तर विंडोज १० चा ६४ बिटचा ड्रायव्हर बहुतेक वेळा चालतो. तो चढत नसेल, तर विंडोज सिक्युरिटीमधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ त्याला अडवत आहे का ते पाहावे. ते संरक्षण कायमचे बंद करण्याऐवजी नवा ड्रायव्हर शोधणे केव्हाही चांगले. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर मात्र कृपया घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या चुकीच्या ड्रायव्हरांच्या निम्म्या केसेस त्यांच्याच असतात.

दुरुस्तीसाठी कोणी निळ्या रिकव्हरी पडद्यावर जायला सांगितले, तर एक गोष्ट माहीत असावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे ज्या दिवशी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला त्याच दिवशी, विंडोज ११ साठी आलेल्या केबी ५०६६८३५ या अपडेटनंतर त्या रिकव्हरी पडद्यावर यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते, जरी विंडोज सुरू असताना ते व्यवस्थित चालत. मायक्रोसॉफ्टने हा दोष मान्य करून २० ऑक्टोबरला केबी ५०७०७७३ हे दुरुस्तीचे अपडेट दिले. त्या दिवसांत अपग्रेड करून पुढची अपडेट घेतली नसलेल्या मशीनमध्ये हा दोष आजही शिल्लक असू शकतो. म्हणून विंडोजमध्ये लॉगिन होत असेल तोवर आधी सगळी अपडेट पूर्ण करावी आणि रिकव्हरीत त्यानंतरच जावे.

फॉरमॅटला माझा विरोध केवळ डेटा जातो म्हणून नाही. कोऱ्या विंडोज ११ मध्ये सीरियल आयओचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता अपग्रेड केलेल्या मशीनपेक्षा जास्त असते. विंडोज ११ बसवतानाच्या पडद्यांवर टचपॅड हलत नाही, हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना रोजचे आहे. त्यामुळे टचपॅडचा दोष असेल तर फॉरमॅटनंतर आपण पुन्हा त्याच जागी उभे असाल, फक्त फोटो आणि कागदपत्रे गेलेली असतील. फिल्टरचा दोष फॉरमॅटने नक्की जातो, पण एका ओळीच्या दुरुस्तीसाठी ती फार मोठी किंमत आहे.

वरचे काहीच लागू पडले नाही तर परत विंडोज १० वर जाण्याची सोय आपल्याला आहे, पण तिला मुदत आहे. अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील ‘सिस्टम’, त्यातील ‘रिकव्हरी’, त्यातील ‘गो बॅक’ हा पर्याय चालतो आणि फायली जागेवर राहतात. त्यानंतर जुन्या विंडोजचा साठा आपोआप पुसला जातो. जागा मोकळी करण्याच्या नादात ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर काढून टाकले तर ही सोय आजच संपते. परत गेल्यावर दोन्ही उपकरणे चालू लागली, तर हार्डवेअर ठीक असल्याचा तो पक्का पुरावा ठरेल. वाढीव सुरक्षा अपडेटांच्या योजनेत नाव नोंदवल्यास विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, त्यामुळे काही महिने थांबून, नवे बायोस आणि ड्रायव्हर आधी बसवून, पुन्हा अपग्रेड करता येईल.

आपण चौथ्या दिवशी विचारले आहे, म्हणजे सहा दिवस हाताशी आहेत. आज बायोसची चाचणी करावी, उद्या यूएसबी कीबोर्ड लावून पाहावे, आणि बायोसमध्ये बाण चालले की नाही व डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणता कोड दिसतो, या दोन गोष्टी लॅपटॉपच्या मॉडेलसह मला कळवाव्यात. तोवर दुकानदाराला कीबोर्ड मागवू नका म्हणून सांगून ठेवा.